धुतलेली सिलिका

"हे कोणी कोणी वाचलंय?" संस्थेचे प्रमुख डोसेंट तेसारेकनी विचारलं. तोंडात हॅम-अंडं लावलेल्या पावाचा घास होता, आणि जमलं तर त्याच घासाबरोबर फॅक्सचा कागदही गिळून टाकावा असा चेहरा होता.

"मी वाचलंय. यार्मिलानं वाचलंय," व्लास्ता म्हणाली. "मशीनमधून तिनंच काढला."

"म्हणजे दोघींनीच."

"आणि ज्यांनी पाठवला त्यांनी."

कागदावर तीन ओळी होत्या. बेल्जियमच्या तपासणी प्रयोगशाळेतून आलेल्या. संयुग ४१७, नवा नग, विषाणूवर कसलाही परिणाम नाही, खुलासा करावा.

व्लास्ता शिमानोवा सत्तावन्न वर्षांची होती. त्यातली एकतीस प्रागमधल्या या सरकारी संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर गेली होती, एकाच टेबलापाशी, एकाच धंद्यात. विषाणू आपली वंशसाखळी कडीला कडी जोडून वाढवतो. तिच्यातल्या कडीसारखी दिसणारी खोटी कडी बनवायची, त्यानं फसून ती जोडली की साखळी तिथंच तुटते. ऐकायला सोपं वाटतं. व्लास्तानं अशा चारशे सोळा कड्या बनवल्या आणि चारशे सोळाच्या चारशे सोळा वाया गेल्या. काहींनी विषाणूला धक्का लावला नाही, काहींनी विषाणूबरोबर उंदीरही मारले. नवरा सोडून गेला, आई गेली, सरकार गेलं, आणि मग गेल्या वर्षी ४१७ चालली. नागिणीच्या कुळातला जो विषाणू डोळ्यात शिरून बुबुळ कुरतडतो, तो तिच्यापुढे काचेच्या बशीत पटापट मेला. शुक्रवारी स्वित्झर्लंडची कंपनी करारावर सह्या करायला येणार होती. वसंतात बारा रुग्णांच्या डोळ्यांत थेंब पडणार होते.

आणि आज बुधवार होता.

"चूक कुठं झाली ते कळलंय का?" तेसारेकनी विचारलं.

"कळलंय. सिलिकात."

ही चूक स्वित्झर्लंडच्या माणसाला सात जन्मांत करता आली नसती. संयुग शुद्ध करायचं तर उंच काचनळीत सिलिकाची पांढरी भुकटी भरतात आणि मिश्रण वरून ओततात. भुकटीतून उतरता उतरता त्यातलं एकेक द्रव्य वेगळं होतं. जगभर ती भुकटी एकदा वापरून फेकतात. इथं पूर्वी एक पोतं मागवायला सात शिक्के आणि आठ महिने लागायचे. म्हणून व्लास्तानं ती मिथेनॉलनं धुवून, भट्टीत भाजून पुन्हा वापरायची रीत काढली, अख्ख्या मजल्याला शिकवली, त्याबद्दल एका वर्षी भिंतीवरच्या फलकावर तिचा फोटोही लागला. राज्य पालटलं, नवी पोती दारात येऊन पडली, तरी ही बाई जुनी भुकटी संपवत बसली. चांगली वस्तू टाकायची कशी?

४१७चा पहिला नग ज्या भुकटीतून उतरला, तिच्यातून कधीकाळी २९० उतरलं होतं. २९० म्हणजे जालीम. कणभरानं विषाणू संपायचा, आणि उंदरांच्या मूत्रपिंडांची वाट लावायचं म्हणून ते बाद झालं होतं. धुतलेल्या भुकटीत त्याचा हजारावा हिस्सा चिकटून राहिला होता. सगळा पराक्रम त्याचा. ४१७नं विषाणूचा केसही वाकडा केला नव्हता. बेल्जियमला गेलेला नवा नग जुनी भुकटी संपल्यावर कोऱ्या भुकटीतून उतरला होता, म्हणून तर पितळ उघडं पडलं. जुना नग तपासपट्टीवर चढवून जांभळ्या दिव्याखाली धरला तेव्हा कडेला पुसट डाग दिसला, आणि तिची मदतनीस यार्मिला म्हणाली होती, "हा जुन्या ओळखीचा दिसतोय, डॉक्टरबाई."

तेसारेकनी पाव खाली ठेवला. "ऐका. शुक्रवारी तुम्ही बोलायचं नाही. बसायचं, हसायचं, सही करायची. वर्षभरानं त्यांना कळेल, त्यांचं ते बघतील. औषधं काय, पडतातच."

"आणि ती बारा माणसं?"

"त्यांना आपण विष पाजतोय का? पाणीच आहे ते. पाण्यानं कोण मेलंय?"

"थेंब सुरू करायच्या आधी त्यांचं चालू औषध बंद करतात, साहेब. नव्याचा गुण कळावा म्हणून. मग डोळे कशावर टिकतील?"

तेसारेकनी नखानं दातातलं अंडं काढलं, बघितलं आणि खाल्लं. हेच गृहस्थ सहा वर्षांपूर्वी कोटावर कम्युनिस्ट पक्षाचा बिल्ला लावून याच खुर्चीत बसायचे. आता बिल्ल्याच्या जागी रेशमी टाय होता. खुर्ची तीच होती आणि चरबीही तीच.

"तुमचं संयुग आहे, बाई. माझं नाही. एकच पोर जगलं तुमचं. त्याचाही गळा घोटणार?"

समोरच्या माणसाची शिसारी व्लास्ताला तीस वर्षांच्या सवयीची होती, तिनं आता काही होत नसे. फॅक्स सोमवारी आला होता. दोन दिवस तो तिच्या खणात पडून होता, आणि त्या दोन दिवसांत तिनं स्वतःला हेच सगळं समजावलं होतं. पाणीच तर आहे. त्यांचं ते बघतील. जवळजवळ याच शब्दांत. तेसारेकच्या तोंडून ते ऐकताना आपलीच ओकारी दुसऱ्यानं ताटात वाढावी तसं तिला झालं.

पूर्वी एकदा तिनं असेच मूग गिळले होते. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला संस्थेतून हाकलायला सभा भरली, सगळ्यांनी हात वर केले, तिनंही केला. तो पुढं एका इस्पितळाच्या तळघरात भट्टीत कोळसा टाकायचा. रस्त्यात भेटला की आपणहून नमस्कार करायचा. त्याचाच जास्त राग यायचा.

गुरुवारी ती नेत्रचिकित्सालयात गेली. तिथल्या डॉक्टरनं शरद ऋतूत तिची एका रुग्णाशी गाठ घालून दिली होती. आनेश्का ल्होटोवा, उत्तरेच्या डोंगरातली, काचेवर नक्षी कोरणारी. उजवा डोळा गेलेला, उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा. डावा निम्मा शिल्लक. त्या बाईनं व्लास्ताला घरच्या अळंब्यांची बरणी दिली होती आणि म्हणाली होती, "या सालच्या बहिणीनं वेचल्यात. डोळा राहिला तर पुढच्या साली मी वेचीन." गुरुवारी आनेश्का वॉर्डमध्ये झोपलेली होती. व्लास्ता दारातून बघून परतली. बारा जणांच्या यादीत आनेश्काचं नाव पहिलं होतं.

शुक्रवारी बैठकीच्या खोलीत पांढरी चादर अंथरलेली, पावांची थाळी, आलुबुखाराची दारू, चार पाहुणे. कराराचे कागद पुढं सरकले आणि पाहुण्यांच्या म्होरक्यानं पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात व्लास्ता उभी राहिली. तिची जर्मन शाळेतली, मोडकी.

"चारशे सतरा काम करत नाही," ती म्हणाली. "चूक माझी आहे. सिलिका धुवून पुन्हा वापरली. तिच्यात दुसरं औषध राहिलं होतं."

"डॉक्टरबाईंना दोन दिवस ताप आहे," तेसारेक हसत म्हणाले. "बसा, बाई, बसा."

तिनं फॅक्स आणि डागाचा फोटो चादरीवर ठेवला. म्होरक्यानं दोन्ही वाचले. पेनाला टोपण लावलं. मग फार सभ्यपणे विचारलं, "आपण सिलिका पुन्हा वापरता?"

उकिरड्यावरचं उचलून खाता का, असं विचारावं त्या सुरात.

एकतीस वर्षांत तिला कोणी एवढं नागवं केलं नव्हतं. "वापरायचो," ती म्हणाली. "तुमच्याकडचं पोतं यायला आठ महिने लागायचे."

दुपारी भोजनगृहात ती ताट घेऊन बसली आणि टेबलावरचे तिघं कॉफी अर्धी टाकून उठले. जाताना एकजण तिला ऐकू जाईल इतपत म्हणाला, "हिचं काय, ही चालली पेन्शनला. सोवळं मिरवायला आमच्याच पोटावर पाय द्यायचा होता." गेल्या आठवड्यात यानंच "आपली ४१७" म्हणत तिच्याबरोबर प्याला उंचावला होता. व्लास्तानं रश्शात बुडवलेला उकडपाव शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. चव लागली नाही, पण उठली नाही.

वर यार्मिला वाट बघत होती, हात कमरेवर.

"भुकटी मी धुतली होती. पंधरा वर्षं मीच धुतेय. तुम्ही 'चूक माझी' कसं म्हणालात?"

"धुवायला शिकवलं कोणी?"

"म्हणून काय झालं? निबंध छापले तेव्हा माझं नाव नाही, फलकावर फोटो लागला तेव्हा नाही. आता चुकीत तरी घालायचं होतं. ती तरी माझी होती."

या संस्थेत कोण कोणाला काय लेखतं याचा हिशोब व्लास्तानं आजवर फक्त वरच्या अंगानं बघितला होता. खालच्या अंगाला ती स्वतःच तेसारेक होती.

"चुकलं माझं, यार्मिला."

"चुकलंच," यार्मिला म्हणाली आणि काचनळ्या घासायला गेली.

सोमवारी व्लास्ता पुन्हा चिकित्सालयात गेली. डॉक्टरनं सगळ्या रुग्णांना सांगून टाकलं होतं. आनेश्का खिडकीशी बसली होती, उजेड डाव्या बाजूला येईल अशी.

"कोण?"

"शिमानोवा. थेंबवाली."

"हां. म्हणजे तुमचे थेंब नाहीत."

"नाहीत."

"पुढं कधी?"

"माझे नाहीतच."

आनेश्कानं मान हलवली. "मग इतकी वर्षं काय करत होता हो तुम्ही?"

टोचायला विचारलं असतं तर बरं झालं असतं. बाईला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"खोट्या कड्या बनवत होते," व्लास्ता म्हणाली. "एकही लागली नाही."

"मी एका फुलदाणीवर सहा महिने घालवले होते. शेवटच्या पानाला तडकली." आनेश्कानं खिशातून छोटी बाटली काढली. "हे जुनं. आग आग होते मेल्याची, पण निम्मं तरी धरून ठेवतं. परिचारिका कुठं उलथलीय कोण जाणे, वेळ टळली. तुम्ही घाला."

"मी कधी घातले नाहीत कुणाच्या डोळ्यात."

"एकदासुद्धा?"

"एकदासुद्धा."

बाटलीतलं औषध दुसऱ्याचं होतं, दुसऱ्या देशात, तिच्या तरुणपणी कुणीतरी बनवलेलं. त्याचा अणू न् अणू तिला पाठ होता. तिनं हात धुतले. आनेश्कानं मान मागं टाकली. व्लास्तानं अंगठ्यानं तिची खालची पापणी हलकेच ओढली, श्वास रोखला, आणि थेंब सोडला. आनेश्काचं अंग ताठलं, तिनं व्लास्ताचं मनगट घट्ट आवळलं.

"किती घालायचे?" व्लास्तानं विचारलं.

"दोन."

डोळा मिटलेलाच होता. मनगट सोडवून न घेता, दुसरा थेंब बाटलीच्या टोकाशी तसाच धरून, डोळा उघडायची ती वाट बघत राहिली.