नवखा मेंढका

धोंडिबाच्या लेकाचं लग्न उरकलं आणि तिसऱ्याच आठवड्यात शालूला लेक झाली, ते साल दोन हजार तेवीस. धोंडिबा म्हणजे शालूचा मामा, तिच्या आईचा, सखूबाईचा भाऊ. लेकीचं नाव श्रेया ठेवलं.

श्रेया नऊ महिन्यांची झाली तरी वजन भरेना. म्हणून शालू आणि तिचा नवरा शिवशंकर तिला वाळूजहून शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी पोरीचा फोटो काढून संगणकात घातला. चेहऱ्यावर बारीक ठिपके उमटले. दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकाचं बसकेपण, कानाची जागा, सगळं मापून संगणकानं एका जन्मजात आजाराचं नाव काढलं आणि पुढं ऐंशी टक्के लिहिलं. बाई म्हणाल्या, हा नुसता अंदाज आहे, रक्त तपासल्याशिवाय काही खरं नाही. पण घरी पोचेपर्यंत अंदाज वाटेतच गळाला आणि ऐंशी तेवढे उरले.

शालूच्या सासूनं, मनकर्णाबाईंनी, निकाल देऊन टाकला. आमच्या घराण्यात असलं तोंड नाही, माहेरचा दोष आहे, माहेरानंच निस्तरावा. शिवशंकर मान खाली घालून कामावर गेला. शालू पोर घेऊन देवगाव रंगारीला आईकडं आली, तेव्हा तिच्या पिशवीत उन्हाळ्याचे आणि थंडीचे, दोन्ही कपडे होते.

सखूबाईनं नात मांडीवर घेतली. शालू बापावर गेलेली. पण हे बसकं नाक आणि एकमेकांपासून लांबचे डोळे सखूबाई रोज आरशात बघत होती. धोंडिबाचं तेच, म्हाताऱ्या बापाचं, केरबाचं, तेच. तिनं विहिणीला फोन लावला.

“व्हय विहीणबाई, आमच्याच घरचं हाय ते. पर दुखणं नाय, तोंड हाय.”

तिकडून फोन ठेवला गेला.

रक्त द्यायच्या दिवशी तिनं मेंढरं न्यायचा टेम्पो सांगितला. शालू आणि पोर पुढं. मागं ती, धोंडिबा आणि काठी धरून शहाऐंशी वर्षांचा केरबा. चिठ्ठी फाडणारीनं विचारलं, पेशंट कोण? सखूबाई म्हणाली, समदेच.

आमच्या समद्यांचे फोटो त्याच संगणकात घाला, असं तिनं सांगितलं, तर डॉक्टरीणबाई आधी नको म्हणाल्या. सखूबाई खुर्चीवरून हलली नाही. शेवटी एकेकाला भिंतीपाशी बसवून फोटो काढले. सखूबाईला ऐंशीच्या वर मिळाले, धोंडिबाला तेवढेच. केरबानं पटका काढला, तर संगणकानं त्याला नव्वद दिले.

“एवढं दुखणं घिऊन आमचा म्हातारा आजून डोंगर चढतोय,” धोंडिबा म्हणाला. “त्याला कुणी सांगितलं नाय जणू.”

केरबानं विचारलं, या यंत्रानं तोंडं किती बघितली? हजारो, बाई म्हणाल्या. आमच्याकडली किती? बाईंनी कबूल केलं, बहुतेक परदेशातली, आपल्याकडची फार थोडी.

“मग त्यो नवखा मेंढका हाय, पोरी. नवख्याला परक्या कळपातली समदी मेंढरं सारखीच दिसत्यात. चार पावसाळे हिंडू दे त्याला. मग कळंल, कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं.”

बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. पण रक्त द्यावंच लागेल, म्हणाल्या. सखूबाईनं आधी आपलाच हात पुढं केला.

दीड महिन्यानं अहवाल आला. तो आजार ना पोरीत, ना आजीत. दूध पुरत नव्हतं आणि वरचं खाणं उशिरा सुरू झालं, एवढंच. आता ती भाकरीचा काला खाऊन रांगत होती.

शिवशंकर न्यायला आला. सखूबाईनं त्याला चहा दिला, पोर दिली नाही.

“तोंडाला नावं ठिवली त्यांनी यावं, तोंड बघावं आन मग न्यावं.”

शालू उंबऱ्यात उभी होती. “मीबी तवाच येईन,” ती म्हणाली.

मनकर्णाबाई तीन आठवड्यांनी आल्या. सखूबाईनं त्यांना केरबाच्या समोरच बसवलं आणि श्रेयाला त्याच्या मांडीवर ठेवलं. मनकर्णाबाईंनी एकदा म्हाताऱ्याकडं पाहिलं, एकदा पोरीकडं, आणि उठून तिला कडेवर घेतलं.

केरबा १५ जानेवारी २०२५ रोजी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारपणानं वारला; तोंड तेवढं श्रेयाकडं राहिलं.