हिरालाल मिस्त्री आणि कुसुमबाईचा ट्रॅक्टर

हिरालाल एस.टी.च्या डेपोतून रिटायर होऊन सालेकशाजवळच्या आपल्या गावी परतला, तेव्हा गावाने त्याला मिस्त्री म्हणून डोक्यावर घेतलं. त्यात गावाची चूक नव्हती. एकतीस वर्षं दर चौदा एप्रिलला गावी आला की हिरालालच पारावर बसून सांगायचा, अमक्या गाडीचं इंजिन कसं उतरवलं आणि तमक्या गाडीचा गिअरबॉक्स कसा बसवला. खरी गोष्ट अशी होती की तो एकतीस वर्षं स्टोअरच्या खिडकीत बसून मिस्त्र्यांना सामान काढून देत होता. कोणतं बेअरिंग कोणत्या फळीवर, हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. पण स्वतःच्या हाताने त्याने सायकलची चेनसुद्धा कधी चढवली नव्हती.

दोन हजार नऊच्या मे महिन्यात शेजारची कुसुमबाई त्याच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा नवरा चंद्रशेखर हा हिरालालचा शाळेपासूनचा सोबती. तो जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्याचा ट्रॅक्टर घरामागच्या सांदवाडीत जागचा हलला नव्हता. स्टिअरिंगवर कारल्याचा वेल चढला होता, सीटखाली कोंबडी अंडी घालत होती. गावात हेमराजचा ट्रॅक्टर भाड्याने मिळायचा, पण कुसुमबाईच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, तो सगळ्यांच्या शेवटी यायचा. तोवर तिचे परे, म्हणजे धानाची रोपं, म्हातारे होऊन जायचे. यंदा आपलाच ट्रॅक्टर चिखलात घालायचा, असं तिने ठरवलं होतं.

"इंजिन जाम झालं म्हन्तेत, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही असताना दुसऱ्याले कायले बोलवू?"

नाही म्हणायची तीन-चार कारणं हिरालालच्या जिभेवर आली. पण अंगणात फागू बसला होता. हा फागू त्याच्या गोष्टींचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात भाविक श्रोता. त्याच्यासमोर माघार घेणं हिरालालच्या जिवावर आलं. पाहून घेऊ, त्यात काय आहे, असं तो बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी तो हात मागे बांधून ट्रॅक्टरभोवती चार वेळा फिरला. एकेका भागावर बोट ठेवून त्याने त्याचं नाव सांगितलं आणि फागूने प्रत्येक नावाला मान डोलावली. नावं संपली तेव्हा हिरालालने पुन्हा पहिल्या भागावर बोट ठेवलं. कुसुमबाईने नवऱ्याची पान्यांची पेटी आणून ठेवली होती. नोझल काढून वरून डिझेल आणि ऑइल सोडायचं नाही का, असं तिने हळूच विचारलं.

"तेच तर सांगून राहिलो होतो," हिरालाल म्हणाला.

त्याने ऐटीत एक पाना उचलला. तो नटाला लागेना. कुसुमबाईने दुसरा हातात दिला, तो बरोबर बसला. पहिल्याच हिसक्याला हिरालालची बोटं सोलवटली, तेव्हा मिस्त्रीने सांगावं आणि बाकीच्यांनी करावं, अशी डेपोची पद्धत असल्याचं त्याने जाहीर केलं. मग फागूने नोझल काढले, कुसुमबाईने मापाने तेल सोडलं आणि हिरालालने सांगितलं.

आठ दिवस रोज सकाळी पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून फागू त्याला लोंबकळायचा. इंजिन तसूभर हललं नाही. नवव्या दिवशी हिरालाल तब्येत दाखवायला म्हणून गोंदियाला गेला आणि तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीसमोर गयावया करून बसला. "टॉप गिअर में डालो और आगे-पीछे हिलाओ," मिस्त्री म्हणाला. "जोर से नहीं, प्यार से." एवढं ज्ञान जपून घेऊन हिरालाल परतला, तर कुसुमबाईने चाकांत हवा भरून घेतली होती, ट्रॅक्टर टॉपला टाकला होता आणि मिस्त्रीच्या नावाने बोलावून गल्लीतली आठ माणसं लोटायला उभी केली होती. ती म्हणाली, तुमचीच वाट पाहून राहिलो होतो.

माणसं पुढे लोटत होती, मागे ओढत होती. बऱ्याच वेळाने आतून 'कट्ट' असा आवाज आला आणि पंख्याचं पातं बोटभर सरकलं. पुढच्या झटक्याला वीतभर. कुसुमबाईने बॉनेटवरून एकदा हात फिरवला. मग तिने सगळ्यांना चहा केला.

टाकी धुतली, सायलेन्सरमधून उंदराचं घरटं निघालं, नोझल परत बसले. आता चालू करायचा तो हेमराजच्या ट्रॅक्टरने ओढून, कारण बॅटरी नव्हती. दोर बांधला गेला. सीटवर मिस्त्रीनेच बसावं, असं गावाचं म्हणणं पडलं. फाटक्या सीटवर खताची थैली टाकून हिरालालला वर चढवण्यात आलं.

कोरड्या बांध्यांतून हेमराजने ओढलं. दोन-तीन काळे भपकारे निघाले आणि इंजिन धडधडायला लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिरालालने क्लच दाबला, पण क्लच गंजून चिकटलेला होता, ट्रॅक्टर चालतच राहिला. ब्रेकने कुरकुर तेवढी केली. इंजिन बंद करायचा खटका ओढला, तो तारेसकट हातात आला. मागून येणारा ट्रॅक्टर पाहून हेमराजने आपला पुढे दामटला. दोर बांधलेला, उतरून सोडावा तर मागचा अंगावर येणार. बैलगाडीच्या चालीने दोन्ही ट्रॅक्टर एकामागोमाग धुऱ्यांचे बुटके बांध ओलांडत बांधीभोवती फिरू लागले. गाव बाजूने चालू लागलं.

"काही तरी कर ना गा, मिस्त्री," हेमराज पुढून ओरडला.

"मी मिस्त्री नाई," हिरालाल रडकुंडीला येऊन म्हणाला. "मी खिडकीत बसत होतो. सामान देत होतो."

हे सगळ्यांनी ऐकलं. कुसुमबाईने पदर खोचला, बाजूने धावत पायरीवर चढली, हिरालालच्या खालून खताची थैली खेचली आणि पुढे वाकून हवा ओढायच्या नळीच्या तोंडावर घट्ट दाबून धरली. इंजिन खोकलं, थरथरलं आणि बंद पडलं.

पहिला बोलला फागू. "मंग ते गिअरबॉक्सवाली गोष्ट?"

"खोटी."

फागूने विचार केला. "बढिया होती," तो म्हणाला.

लोक हसत पांगले. हिरालाल धुऱ्यावर मान खाली घालून बसला. कुसुमबाईने सांगितलं की तिला हे आधीच ठाऊक होतं. चंद्रशेखर एकदा डेपोत भेटायला गेला होता आणि त्याने हिरालालला खिडकीत पाहिलं होतं. घरी येऊन तो खूप हसला, पण कोणाला सांगू नको, माझा सोबती गोष्ट लय सुंदर सांगते, असंही म्हणाला होता. ट्रॅक्टर दुरुस्त करताना चंद्रशेखरला पाने द्यायची ती कुसुमबाईच. तेव्हाच सगळं शिकली होती.

"मंग मले काऊन बोलावलं, वहिनी?"

"मी बोलावलं असतं तर लोटाले कोन आलं असतं?" ती म्हणाली. "मिस्त्रीनं सांगितलं म्हनून आले."

क्लच प्लेट आणि खटक्याची तार आणायला गोंदियाला हिरालालच गेला आणि एकाही वस्तूचं माप चुकलं नाही. बसवलं सगळं कुसुमबाईने.

आषाढात तिने आपल्या बांध्या स्वतः चिखलल्या. रोवणी गावात सगळ्यांत आधी तिची झाली. नंतर एक दिवस पलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीतली धनवंता बंद पडलेल्या पंपासाठी मिस्त्री कुठे राहतो ते विचारत हिरालालच्या दारात आली. त्याने तिला सरळ कुसुमबाईच्या घराकडे बोट दाखवलं, आणि पायात चपला सरकवून तोही मागोमाग निघाला, पाने हातात द्यायला.