भट्टीजवळची खुंटी

मित्रांनो, मी एक जुनी जर्सी आहे. कधीकाळी लाल होते, आता विटेच्या रंगाची झालेय. पाठीवरचा नऊ आकडा अर्धा उडालाय. उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत एक लांब शिवण आहे. मला कुठंही टाका, पण ती शिवण कुणी उसवू नका. का, ते सांगते.

बेकरीच्या मालकांनी एकदा खुशीत येऊन कामगारांच्या फुटबॉल टीमला जर्स्या शिवून दिल्या, त्यातली मी. जाड सुताची, पक्क्या रंगाची. नऊ नंबर म्हणजे सगळ्यात पुढं खेळणारा, गोल मारणारा. त्यामुळं घडीत असल्यापासूनच मी हवेत होते.

मग मला भिंगरीनं घातलं आणि मी जमिनीवर आले. म्हणजे खरंच आले. पहिल्याच मॅचला तो तोंडावर आपटला, आणि मी चिखलात.

भिंगरी मैदा मळायच्या मशीनवर कामाला होता. काटकुळा, गप्प. पायाला भिंगरी लावल्यासारखा पळायचा, म्हणून ते नाव. आमचा बॉल गेला की बाकीचे कमरेवर हात ठेवून उभे राहायचे, हा मात्र बॉल नेणाऱ्याच्या मागं सुटायचा. तो माणूस घाबरून बॉल कुठंही मारायचा. समोरच्या टीमचे दोघं कायम ह्याला चिकटलेले. एक माझी बाही ओढायचा, एक पाठ. ओढून ओढून माझा गळा असा सैल झाला की त्यातून दोन डोकी गेली असती.

ह्या सगळ्यात गोल मारायचा राहून जायचा. समोर मोकळा गोल, आणि ह्याचा बॉल वरून बाहेर. लोक कपाळावर हात मारून घ्यायचे. पण मी अंगावरच होते ना, मला कळायचं. छाती एकदाच धडधडायची आणि हा वळून परत पळायला लागायचा. चुकलेल्या बॉलसाठी रडत बसणं त्याला ठाऊकच नव्हतं.

बेकरीत एक रीत होती. मॅच झाली की जर्स्या धुवून मागच्या अंगणात तारेवर टाकायच्या. पण गोल मारणाऱ्याची जर्सी भट्टीजवळच्या खुंटीवर. तिथं ती कडकडीत वाळायची, तिला ताज्या ब्रेडचा वास लागायचा, आणि येणारा-जाणारा विचारायचा, "आज कुणाची?"

बहुतेक वेळा सात नंबरचीच. ती बंदूकची. हा भट्टी सांभाळायचा, आणि लाथ अशी की नाव दुसरं ठेवताच आलं नसतं. त्याची जर्सी त्या खुंटीवर भाड्यानंच राहत होती म्हणा. मी बाहेर, लादी पुसायच्या फडक्यांच्या शेजारी. सकाळी दमट, कुबट. असा राग यायचा मला. बंदूकचा, भिंगरीचा, त्या फडक्यांचाही.

भिंगरीची ताई मला शिवायची. सुई ओवता ओवता एकदा त्याला म्हणाली, "गोल नाही मारलास तरी चालेल रे, पण निदान दोन्ही बाह्या घरी आणत जा."

तो हसला. पण टीममध्ये कुजबुज सुरू झाली होतीच. नऊ नंबर घालतो आणि गोल नाही, मग कशाला हवा? शेवटची मॅच गॅरेजवाल्यांशी होती. नुसती बरोबरी झाली तरी ढाल आमची, हरलो तर त्यांची. आदल्या दिवशी कोच भिंगरीला म्हणाले, उद्या तू बस, मालकांचा भाचा खेळेल. भाच्याचा नेम खरंच चांगला होता, खोटं कशाला बोलू. भिंगरीनं मला घडी घालून भाच्याच्या हातात दिलं. वर सांगितलं की त्यांचा डावीकडचा गडी वळायला जड आहे, तिकडून पळ. मला वाटलं, अरे, जरा तरी चीड की.

मॅच सुरू झाली. भाचा गोलजवळ उभा. बॉल पायात येईल याची वाट बघत उभा. मला कुणी ओढलं नाही, कुणी पाडलं नाही. ते दोघं आता मोकळे झाले आणि सरळ जाऊन बंदूकला चिकटले. बिचाऱ्या बंदूकला मान वळवायला जागा मिळेना. तेवढ्यात गॅरेजवाल्यांनी एक गोल घातला. लोक ओरडत होते, "पीठवाले, घरी जा." बाकावर भिंगरी बनियनवर बसलेला. बॉल आमच्याकडून गेला की त्याच्या टाचा आपोआप उचलल्या जायच्या.

मध्यंतरात मी इतकी कोरडी होते की तशीच कपाटात ठेवली असती तरी चाललं असतं. बंदूक भाच्याजवळ आला. त्यानं माझी बाही चिमटीत धरली, मग स्वतःची फाटकी कॉलर बघितली. कोचकडं वळून म्हणाला, "भिंगरीला आणा."

कोच म्हणाले, "यंदा त्यानं एक तरी गोल मारलाय का?"

"माझे मारलेत की." बंदूकनं कधी कुणाचं कौतुक केलं नव्हतं, त्याला जड गेलं. "त्या दोघांना तो लांब घेऊन पळायचा, म्हणून मला मोकळं मैदान. मी आपला शेवटची लाथ मारून खुंटी अडवून बसलो."

कोचनी भाच्याला हातानं बाहेर बोलावलं. भाच्यानं मला काढलं आणि मान खाली घालून म्हणाला, "घे दादा. मला नाही जमत एवढं पळायला."

मग काय, पुन्हा चिखल, पुन्हा ओढाओढ. काय बरं वाटलं म्हणून सांगू. मॅच संपत आली तेव्हा त्यांच्या मागच्या गड्यानं बॉल जरा रेंगाळत अडवला. भिंगरी लांबून सुटला. गड्यानं घाबरून मला खांद्याला धरलं. भिंगरी थांबेना, तो सोडेना. मी टरकन फाटले, कमरेपर्यंत. भिंगरी पडता पडता त्याच्या बुटाचं टोक बॉलला लागलं आणि बॉल घरंगळत बंदूकपुढं गेला. तिथं कुणीच नव्हतं. बंदूकनं मारला. बरोबरी.

सगळं मैदान बंदूककडं धावलं. बंदूक मात्र उलट्या दिशेनं, चिखलात पडलेल्या माणसाकडं.

त्या संध्याकाळी रीतीप्रमाणं सात नंबर खुंटीवर गेली. बंदूकनं ती काढली, बाहेर तारेवर टाकून आला, आणि मला टांगलं. एक बाही लोंबतेय, अर्धा चिखल तसाच. आल्या-गेल्यानं विचारलं, "आज कुणाची?" तर भट्टीत ट्रे सरकवत म्हणाला, "बघा की. दिसत नाही?"

ब्रेडचा तो वास माझ्या सुतात अजून आहे. दुसऱ्या दिवशी ताईनं मला शिवलं, दोरा मुद्दाम पांढरा घेतला. म्हणाली, लपवायची नाही ही.

आता ती टीम नाही, भट्टीही नाही. भिंगरीचे गुडघे कुरकुरतात. मी त्याच्या ट्रंकेत तळाशी आहे. मधूनच तो मला काढतो, शिवणीवरून अंगठा फिरवतो आणि परत ठेवतो. यंदा ट्रंक आवरायची ठरलीय, म्हणून थोडी भीती वाटते.

तर मित्रांनो, जुन्या कपड्याचं फडकं करायच्या आधी तो कुठं कुठं फाटलाय ते एकदा नीट बघा. आणि मॅच बघायला गेलात की गोल झाल्यावर लगेच नाचू नका. आधी मागं बघा. तिथं कुणीतरी चिखलातून उठत असेल. त्याला हात द्या.