बागेतून गेलेला ओढा

बुलडोझर घेऊन आम्ही वर पोचलो, तेव्हा दोमितिलाकाकू आपल्या सफरचंदाच्या बागेतून वाहणारा ओढा बघत उभी होती. गेल्या वर्षापर्यंत हा ओढा तिच्या बागेच्या पलीकडून, लांबून जायचा.

उन्हाळ्यात वणव्याने वरचा डोंगर जाळला. सांता फे शहरातून तिचा मुलगा तिला न्यायला आला, तर काकूने त्याला जेवू घालून परत पाठवला. मग पाऊस आला. भाजलेल्या जमिनीत पाणी मुरेना. राख, ओंडके, घराएवढे धोंडे घेऊन ते खाली कोसळलं. जुनं पात्र दगडांनी काठोकाठ भरलं आणि ओढा बागेत घुसला. अर्धी झाडं गेली. आमच्या पाटाचं तोंड जुन्या काठावर कोरडं पडलं. खाली गावातल्या मिरच्या, मका, सगळं त्या पाटावर. दोनदा आम्ही पात्र उकरून ओढा मागे वळवला. दोन्ही वेळा पुढच्याच पुरात तो पुन्हा बागेत.

"या खेपेला खोल खणतो, काकू," आमचा पाटकरी सेल्सो म्हणाला. "तुझी उरलेली झाडं वाचतील."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालास. बायकोलाही असंच सांगतोस काय रे?"

आम्ही हसलो. सेल्सोही हसला.

"डोंगर अजून बोडका आहे," काकू म्हणाली. "दगड येतच राहणार. ओढा काही तिकडे राहायचा नाही. पाटाचं तोंड इथेच घ्या. बागेतून चर मारून खाली जुन्या पाटाला जोडा."

सेल्सोने टोपी काढली. "मध्ये आबुंदिओकाकांची झाडं आहेत."

आबुंदिओ म्हणजे तिचा नवरा. तो जाऊन बरीच वर्षं झाली. प्रत्येक झाडाचं कलम त्याने स्वतः बांधलेलं.

"मला दिसतायत की."

"एक उन्हाळा थांबून बघू या."

"तू थांबशील. मिरच्या थांबतील?"

सेल्सो बुलडोझरवर चढला, तशी ती पुढे झाली. झाडं फुलली होती, नुसती गुणगुणत होती.

"आत्ता नको. मधमाश्या आहेत. ऊन उतरलं की जातील त्या."

आम्ही सगळे दगडांवर बसून राहिलो. काकू बीन्स आणि गरम पोळ्या घेऊन आली. आम्ही मान खाली घालून जेवलो. ऊन डोंगरामागे गेलं, गुणगुण थांबली. काकू शेवटच्या झाडापर्यंत जाऊन बघून आली आणि तिने सेल्सोला हात केला. तो उरलेली झाडं पाडत चर मारत होता तोवर ती जागची हलली नाही.

पाणी सोडताना सेल्सो म्हणाला, "पहिली पाळी तुझी, काकू."

"मला काय भिजवायचंय आता? जाऊ दे खाली."

राखेने करडं झालेलं पाणी चरातून पुढे सरकलं. खाली गावात लोक आपापल्या दारापुढे पाटाशी येऊन उभे होते. पाणी आलं ते पांढऱ्या पाकळ्यांनी भरलेलं. शेतात पाणी घ्यायला पाटाची फळी उचलायचं कुणाला लगेच सुचलं नाही.