भोंबोलची किडनी आणि माझ्या गोड गोळ्या

बंगालमधल्या चंदननगरच्या शाळेत मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर कुणीही न सांगता होमिओपॅथ झालो. आमच्या गल्लीत त्याला डिग्री लागत नाही. लाकडी पेटी, जाडजूड ग्रंथ आणि गंभीर चेहरा एवढं पुरतं, आणि चेहरा माझ्याकडे आधीपासून होता. रोज सकाळी ओसरीवर दहा-पंधरा रोगी बसत, गोळ्या फुकट असत आणि लोक मला डाक्तारबाबू म्हणत. त्या एका शब्दासाठी मी काय वाटेल ते केलं असतं.

पौषात आमचा कुत्रा भोंबोल मलूल झाला. माशाचं डोकं घातलेला भातसुद्धा त्यानं हुंगून सोडला. थेंब थेंब लघवी, तीही लालसर. माझी बायको नीहारिका त्याला गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की जंतू किडनीपर्यंत पोचलेत, आजच इंजेक्शनं सुरू करा. मी नीहारिकाला फोन करून त्याला तसंच घरी परत आणायला लावलं. घरात डॉक्टर असताना परक्याची सुई कशाला?

मी ग्रंथ उघडला. आमच्या शास्त्रात रोगापेक्षा रोग्याचा स्वभाव मोठा. भोंबोल काही बोलेना, म्हणून उत्तरं मीच दिली: हट्टी, मानी, समजूत घातली की जास्तच भडकतो. नीहारिका म्हणाली, हे कुत्र्याचं वर्णन नाही. मी दुर्लक्ष केलं आणि चार गोळ्या पाण्यात विरघळवून त्याच्या जिभेवर सोडल्या.

दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या. मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला. औषध लागू पडलं की दुखणं आधी उसळतं, असं ग्रंथात लिहिलंय. तिसऱ्या दिवशी तो उठेना, तेव्हा तर मी म्हटलं, "बघ, कसं जोरात लागू पडलंय."

नीहारिका त्याला शालीत गुंडाळत होती. ती शांतपणे म्हणाली, "गेल्या वर्षी तुम्हाला लघवीला जळजळ झाली, तेव्हा कोठीत लपून कसल्या कॅप्सूल गिळत होतात? पाच दिवस, दोन वेळा. त्याला बोलता येत नाही म्हणून त्याला साखर का?"

मी भोंबोलला उचललं आणि दवाखान्याकडे निघालो. तो इतका हलका लागला, की भर रस्त्यात मला रडू आलं.

तीन दिवस कुणी वाया घालवले, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आमच्या गल्लीत एक बिनडिग्रीचा आहे, असं मी सांगितलं. त्यांनी त्या माणसाची मनसोक्त खरडपट्टी काढली आणि मीही मान डोलावत राहिलो.

"हेच ते," नीहारिका म्हणाली.

दहा दिवस सलाइन आणि इंजेक्शनं झाली. भोंबोल वाचला, पण एक किडनी कायमची अधू झाली.

घरी आलो तर ओसरीवर दुप्पट गर्दी. डाक्तारबाबूंनी मरता कुत्रा उठवला, अशी बातमी गल्लीभर झाली होती. सगळ्यांत पुढे बिनोदिनीमावशी कंबर धरून बसलेली, अंगात ताप. लघवीला आग होते म्हणाली, भोंबोलच्याच गोळ्या हव्यात.

"मावशी, माझ्या गोळ्यांवर तो मरत होता," मी म्हणालो. "सुईनं वाचला."

"एवढा मोठा माणूस, पण गर्व कसा तो नाही," ती शेजारणीला म्हणाली.

शेवटी तिला बॅटरीच्या रिक्षात बसवून मीच सरकारी इस्पितळात नेलं. वाटभर ती काकुळतीला येऊन विचारत होती, तिचं असं काय चुकलं, की कुत्र्याला दिलं ते औषध तिला मिळू नये.