राखून ठेवलेलं वाक्य

घड्याळजीच्या दुकानात वाऱ्याला बंदी होती. पंखा नाही, खिडकी उघडायची नाही, दारसुद्धा लोटलेलं. कारण एक झुळूक आली की तिळाएवढा स्क्रू कुठल्या कुठे जातो आणि मग नवरा-बायको दोघांना गुडघ्यांवर रांगत फरशी चाचपावी लागते. इथवर ठीक होतं. पण त्या कोंडलेल्या खोलीत घड्याळजी दिवसभर सिगारेटी फुंकायचा, आणि समोरच्या टेबलाशी ब्रशनं चाकं साफ करत बसलेली त्याची बायको तो धूर फुकटात ओढायची. "अहो, निदान बाहेर जाऊन ओढा," असं सांगून सांगून तिची जीभ झिजली होती. "ओढल्याशिवाय हात थरथरतो माझा," हे त्याचं ठरलेलं उत्तर. तिच्या खोकल्याला तो "आमच्या हिचं संगीत" म्हणायचा आणि गिऱ्हाइकांना हसवायचा.

संगीत काही थांबेना, म्हणून ती एकटीच मोठ्या दवाखान्यात गेली. छातीचे फोटो झाले, सुईनं तुकडा काढून तपासून झाला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून नीट सांगितलं. फुफ्फुसात गाठ आहे, कॅन्सरची आहे, पण लहान आहे आणि एकाच जागी आहे. लगेच ऑपरेशन केलं तर बरं व्हायची चांगली आशा आहे.

"तुम्ही ओढता का?"

"मी? कधीच नाही."

"मग घरात कोणी?"

तिचा चेहराच बोलला असावा. बाई म्हणाल्या, "त्याच्यामुळेच झालं असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण बंद खोलीतल्या धुरानं धोका वाढतो, हे खरं." पुढचं तिनं ऐकलंच नाही. तिला गुन्हेगार सापडला होता.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? घरी जाऊन आकाशपाताळ एक केलं असतं आणि ऑपरेशनची तारीख घेतली असती. हिला सूड सुचला. नवऱ्याला आत्ता सांगितलं तर तो चार दिवस तोंड पाडून बसेल, मग गाठ निघेल आणि पुन्हा काडी ओढेल. छे! त्याला आधी सगळं डोळ्यांनी बघू दे, पुरता घाबरू दे. मग डॉक्टरीणबाईंच्या समोर त्याला सांगायचं, "हे तुम्ही केलंत. मला केव्हाच कळलं होतं, तुम्हाला दाखवायचं म्हणून मी थांबले." हे वाक्य ती ब्रश फिरवताना मनातल्या मनात घासूनपुसून ठेवायची.

चूक झाली ती दुकानातल्या सवयीनं. त्यांच्या कपाटात बंद घड्याळं वर्षानुवर्षं पडून असत. हवा तो भाग मिळाला, बसवला, की टिकटिक सुरू. पडून राहिल्यानं ती काही आणखी बिघडत नसत. गाठही तशीच पडून राहील, याला रडवून झालं की काढू, असं तिनं धरलं होतं. दवाखान्यातून फोन आला की ती "पुढच्या आठवड्यात नक्की येते" म्हणायची आणि ठेवून द्यायची.

गाठ थांबायला तयार नव्हती. जिना चढताना मध्येच बसावं लागू लागलं. अंगावरचे कपडे लोंबायला लागले, नवरा म्हणाला, "बारीक झालीस, बरी दिसतेस." तिनं तेही हिशेबात धरलं. खोकल्यातून रक्त आलं तेव्हा तिनं मुद्दाम बेसिन धुतलं नाही. त्यानं पाहिलं आणि "हिरड्या दाखवून घे" म्हणाला. मग आवाज बसला तो बसलाच. पाठ अशी ठणकायला लागली की आडवं होणंही नको वाटायचं. दुखणं वाढलं की ती स्वतःला बजावायची, अजून थोडं, अजून त्याला पुरतं कळलेलं नाही.

एकदा टेबलापासून दारापर्यंत जाताना ती मध्येच थांबली आणि कपाटाला धरून श्वासासाठी झगडू लागली. घड्याळजीनं डोळ्यावरचं भिंग काढलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अगं, हे काय? चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल." एवढ्या हालातही तिला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

डॉक्टरीणबाईंनी नवे फोटो काढून घेतले. त्या बोलायच्या आधीच तिनं ते वाक्य म्हटलं. आवाज इतका खोल गेला होता की त्याला वाकून कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला आणि तिला ते दोनदा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा त्याला कळलं. तो मटकन खाली बसला आणि कपाळ बडवत ढसाढसा रडला. ती डोळे भरून बघत राहिली. तिला गार वाटलं.

मग हातातलं काम उरकल्यासारखी ती बाईंकडे वळली. "झालं. आता ती गाठ काढून टाका. कधी यायचं सांगा."

बाईंनी नवा फोटो तिच्यासमोर धरला. "ती आता मणक्यात गेली आहे. यकृतातही. कापून काढण्यासारखं राहिलेलं नाही. औषधांनी काही काळ थोपवता येईल, दुखणं कमी करता येईल. पण आता ती जाणार नाही."

"तुम्हीच म्हणाला होतात, बरी होईन म्हणून!"

"तेव्हा म्हणाले होते. म्हणून तर फोन करत होते."

"मला का नाही सांगितलंस?" खाली बसलेला नवरा म्हणाला. "मी त्याच दिवशी सोडली असती गं."

खोटं! बाहेर जाऊन ओढा म्हणून किती वर्षं घसा फोडला, तेव्हा सोडलीत का? हे तिला ओरडून विचारायचं होतं, पण "खोटं" एवढ्यावरच दम संपला. तो उठून तिची पाठ चोळू लागला. तिनं त्याचा हात झटकला. मग तोल जायला लागला, तेव्हा तोच हात धरला.

तिनं त्याला माफ केलेलं नव्हतं. करायचं की नाही ते ठरवायला अख्खं म्हातारपण पडलंय, असं ती आजवर धरून चालली होती.