भिंतीपाशी कोण

सरांनी चित्रफीत पुन्हा मागे नेली आणि पडद्यावरच्या लाल टोपीवाल्या मुलावर बोट ठेवले. जाड कोट घातलेली परदेशातली मुले मैदानभर साखळी खेळत होती. जो पकडला जाईल त्याने पकडणाऱ्याचा हात धरायचा आणि साखळी लांबवत न्यायची, इथवर सारे यथास्थित होते. पण हा लाल टोपीवाला धावतच नव्हता. छातीशी पाण्याच्या बाटल्या कवटाळून आणि खांद्यांवर इतरांचे गळपट्टे घेऊन तो भिंतीला पाठ लावून उभा होता. साखळीतले एखादे मूल हात सोडवून त्याच्यापाशी पोचे, तो नेमकी एक बाटली काढून त्याच्या हाती देई, मूल घोटभर पाणी पिई, आणि ते सुटले म्हणून सारे मैदान ओरडे.

"सर, हे चुकीचं खेळतायत," भिंगरी म्हणाली. वर्गात सर्वांत वेगाने पळणाऱ्या या मुलीला हे नाव मुलांनीच दिले होते आणि साखळीच्या बाबतीत तिचा शब्द अखेरचा मानला जाई. "बाटलीवाला असा गडी नसतोच मुळी."

चित्रफितीच्या शेवटी तिथल्या बाई बोलल्या आणि सरांनी त्यांचे बोलणे वर्गाला आपल्या भाषेत सांगितले. दोन शाळांनी एकमेकींचे खेळ शिकावेत, एकमेकींची मुले ओळखीची व्हावीत, असा तो उपक्रम होता. इकडच्या शाळेने साखळी आधी पाठवली होती, आणि आता तिकडची मुले ती शिकून दाखवत होती. बाई म्हणत होत्या की हा तुमचाच खेळ, तुम्ही शिकवलात तसा. भिंतीपाशी उभे राहायला मिळावे म्हणून आमच्याकडे रोज भांडणे होतात. तुम्ही त्या मुलाची निवड कशी करता, हे शुक्रवारी पडद्यावरून समोरासमोर बोलताना आमची मुले विचारतील.

सर गोंधळले, आणि गोंधळणे हा काही त्यांचा स्वभाव नव्हता. मुले त्यांना पाठीमागे पूर्णविराम सर म्हणत, कारण त्यांनी एखादी गोष्ट सांगितली की तिच्यापुढे बोलायला जागा उरत नसे. साखळीचे नियम त्यांनीच लिहिले होते, त्यांनीच परभाषेत नेले होते, आणि पाठवण्यापूर्वी एकेक वाक्य सोनाराने गुंजभर सोने तोलावे तसे तोलून पाहिले होते. त्यात भिंत होती, पण ती मैदानाची सीमा म्हणून. बाटली नव्हती. आणि एका गड्याने नुसते उभे राहावे, असे तर कुठेच नव्हते.

मधल्या सुट्टीत त्यांनी मुख्याध्यापिकांशी वाद घातला. चूक वेळीच दुरुस्त केली नाही तर तीच परंपरा होऊन बसते, असे त्यांचे म्हणणे होते. मुख्याध्यापिकांना उपक्रम सुरळीत चालण्याशी मतलब होता.

"सर, पाहुण्याने चपला उलट्या घातल्या, तर आपण त्याला दारात अडवतो का?"

"अडवावं, बाई. नाहीतर तो पडेल."

"पडला की उचलू," त्या म्हणाल्या, आणि मग हसून पुढे म्हणाल्या की शुक्रवारचे उत्तर तुम्हीच द्या, भाषांतर तुमचे होते.

सरांनी उत्तर तयार केले. आपल्याकडून स्पष्टीकरणात काही उणीव राहिली असावी, आमच्या खेळात असा गडी नाही, तरी आपल्या मुलांच्या उत्साहाचे आम्हाला कौतुक आहे. वाक्य सभ्य होते आणि खरेही होते. तरीही संध्याकाळी, ही चूक उगवली तरी कुठून हे शोधण्यासाठी, त्यांनी घरी आपण नियमांसोबत पाठवलेली मूळ चित्रफीत लावली. ती त्यांनी स्वतः टिपली होती. सीमा नीट दिसावी म्हणून भिंत मुद्दाम चौकटीत घेतली होती. पाठवण्यापूर्वी कितीदा तरी पाहिली होती.

शेजारी त्यांची बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वळवून पाहिले.

"ही कोण हो?"

"कुठली?"

"ही काय, भिंतीपाशी. अंगावर एवढे स्वेटर घेऊन उभी आहे."

सर पडद्याच्या इतके जवळ गेले की चष्मा काचेला टेकला. भिंतीपाशी खुंटी उभी होती. वर्ष निम्मे सरल्यावर शाळेत आलेली, दुसऱ्या मुलखातून कामासाठी आलेल्या माणसांची ही मुलगी. तिची बोली वेगळी, त्यामुळे पळा म्हटलेले तिला कळेपर्यंत ती पकडली जाई. पहिल्या काही दिवसांनंतर ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली, मग कोणीतरी तिच्या हातावर स्वेटर टाकला, मग कोणी बाटली दिली, आणि तिला खुंटी हे नाव पडले. चित्रफितीत दमलेली मुले तिच्याकडे धावत जात होती. ती न चुकता ज्याची त्याला बाटली देत होती, आणि मुले पाणी पिऊन तिच्याकडे न बघता परत खेळात शिरत होती.

"काखेत कळसा," बायको म्हणाली आणि तिने उशीचा अभ्रा झटकला.

"तिला कोणी खेळू नको म्हटलेलं नाही," सर म्हणाले.

"खेळ म्हटलंय का?"

सरांनी चित्रफीत बंद केली, पुन्हा लावली, पुन्हा बंद केली. मुले लहान भावंडाला कच्चे लिंबू म्हणून खेळात घेतात. त्याची हारजीत धरली जात नाही, पण कच्च्या लिंबालाही धावायला मिळते. मग ही कोण? आणि तिकडे ज्या जागेसाठी भांडणे होतात ती जागा मानाची की अवमानाची? सभ्य आणि खरे वाक्य अजून जिथल्या तिथे होते. फक्त त्यामागून येणारा प्रश्न त्यांना आता दिसू लागला होता. असा गडी नाही, तर मग ती मुलगी कोण होती?

शुक्रवारी पडद्यावर लाल टोपीवाला पुढे आला आणि त्याने विचारायचे ते विचारले. दाखवण्यासाठी त्याने बाटल्याही आणल्या होत्या. सर उभे राहिले. ओळीच्या टोकाला खुंटी मान उंच करून त्या परक्या बाटल्यांकडे पाहत होती आणि तिचे ओठ हलत होते, जणू कुठली कोणाची हे ती पाठ करत होती. तिच्या हातावर कोणाचा तरी स्वेटर होता.

सर त्या मुलाच्या भाषेत उत्तरले. तिकडे टाळ्या पडल्या. पण उपक्रमाचा दंडक असा होता की प्रत्येक उत्तर दोन्ही भाषांत सांगायचे, आणि तो दंडक सरांनीच आग्रहाने घालून घेतला होता. त्यांनी आपल्या वर्गाकडे वळून तेच उत्तर पुन्हा सांगितले.

"पाळीपाळीने."

भिंगरीच्या कपाळावर आठी पडली, पण परक्यांसमोर ती काही बोलली नाही. पडदा काळा झाल्यावर मात्र ती सरांच्या मागे येऊन उभी राहिली.

"सर, पाळी कधीपासून असते?"

सर फळा पुसत होते. फळ्यावर काहीच लिहिलेले नव्हते.

"सोमवारपासून."

"आणि आधी?"

"आधी चूक होती."

"त्यांची?"

सर फळा पुसत राहिले.

सोमवारी भिंतीसाठी झोंबाझोंबी झाली आणि अर्थातच भिंगरी जिंकली. बाटल्या छातीशी धरून ती राणीसारखी उभी राहिली आणि पहिल्याच मुलाला तिने भलत्याचीच बाटली दिली. खुंटीला दोघींनी ओढून मैदानात आणले. ती कुठे पाहावे हे न कळून थोडी इकडे, थोडी तिकडे धावली, लगेच पकडली गेली, आणि साखळी तिला फरफटवत घेऊन चालली. तिचा चेहरा लाल झाला होता. ती हसते आहे की रडवेली झाली आहे, हे भिंतीजवळ उभ्या असलेल्या सरांना कळेना. आपण हिचे भले केले, की हिच्या पायाखालची एवढीशी जागाही काढून घेतली, हेही कळेना.

साखळी तुटली तशी ती थेट त्यांच्यापाशी आली. धापा टाकत, शब्द जुळवत म्हणाली,

"सर, भिंत परत माझी कधी?"

सरांनी तोंड उघडले. पाळी म्हटल्यावर क्रम हवा, क्रमाला नियम हवा, आणि तो त्यांनी केलाच नव्हता. "बघू," असे ते म्हणाले, आणि हा शब्द त्यांच्या तोंडून यापूर्वी कोणी ऐकला नव्हता.

मग तिने अंगातला स्वेटर डोक्यावरून ओढून काढला, काही न विचारता सरांच्या हातावर टाकला, आणि वळून पळाली. तिच्या मागोमाग आणखी एक जण आला, मग आणखी एक. कोणीही त्यांच्या तोंडाकडे पाहिले नाही.

सरांनी हात थोडा उंच धरला, आणि यातले काही खाली पडू नये म्हणून ते भिंतीला टेकून स्तब्ध उभे राहिले.